अंबूच्या जिभेसाठी दालचिनी

लक्ष्मणरावांचं कार्ड आलं त्या दिवशी मी भंडाऱ्याच्या घरी अंगणात ऊन खात बसलो होतो. लक्ष्मणराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, अंबूचे यजमान. राहणार नवेगाव बांध. माणूस मुळातच कमी बोलणारा, कार्डावर तर त्याहून कमी. ‘अंबूचा हिवताप उतरला. पण जीभ मेली म्हणते. कशालाच चव नाही. वीस दिवस दोन घोट पेजेवर आहे. आता उठून बसवत नाही. वैद्यांनी दालचिनी सांगितली, इकडे कुठे मिळत नाही. मिळाल्यास घेऊन यावे.’

‘यावे’ हा शब्द मी दोनदा वाचला. तीस वर्षांत या माणसानं मला एकदाही बोलावणं धाडलं नव्हतं. मी जायचो तो आपला आपण, सुट्टी लागली की. म्हणजे प्रकरण पेजेच्या पुढं गेलं होतं.

दालचिनी म्हणजे काय मोठी गोष्ट, असं मला वाटलं. पिशवी घेऊन बाजारात गेलो. तीन दुकानं फिरलो आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. सध्या लढाईमुळं रॉकेल नाही, कापड नाही, हे ठाऊक होतं. पण दालचिनीही रणांगणावर गेली असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटी आमच्या गल्लीतल्या वृद्ध वैद्यांकडं जाऊन बसलो. त्यांच्याकडेही डबी रिकामीच होती, पण बोलायला विषय मिळाला म्हणून ते खूष झाले.

“मास्तर, ग्रंथांत तिचं नाव नुसतं त्वक्. त्वक् म्हणजे साल. सगळ्या सालींत साल ती हीच, म्हणून आणखी ओळख सांगायची गरजच पडली नाही. दुसरं नाव दारुसिता. दारु म्हणजे लाकूड, सिता म्हणजे साखर.” मग त्यांनी बोटं मोजत गुण सांगितले. तोंडाला चव नाही, तोंडाला वास येतो, घसा बसला, कफ झाला, पोटात वारा धरला, मळमळतं, या सगळ्यांवर ती चालते. अरुचीवर चूर्ण मधात कालवून जेवणाआधी जिभेला चोळायचं. “पण उष्ण आहे हो. पित्ताच्या माणसानं चिमटीनं घ्यावी. मुठीनं घेतली तर जिभेबरोबर पोटही जागं होईल.”

घरी येताना मला आमचे पंतोजी आठवले. शाळा तपासायला साहेब येणार असला की ज्या मुलांना कविता म्हणायच्या असत, त्यांच्या गालात पंतोजी दालचिनीचा एकेक तुकडा ठेवायला देत. गळा मोकळा होतो म्हणत. तो तुकडा आधी गोड, मग तिखट, मग पुन्हा गोड लागे, आणि त्या चवीबरोबर श्लोक आपोआप वर येत. नकाशावर सिंहलद्वीप दाखवून ते म्हणायचे, “या बेटाजवळून गलबत जातं तेव्हा वाऱ्यालाच दालचिनीचा वास येतो.” खरं-खोटं देव जाणे. पण दालचिनीचं झाड एकदा डोळ्यांनी पाहावं, ही इच्छा मला तेव्हापासून, म्हणजे पन्नासेक वर्षं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते या इच्छेपायी केलं.

दुसऱ्या दिवशी वरठीच्या स्टेशनावर टांग्यानं जाऊन पॅसेंजर धरली. तिकिटाचे आणे मी इथं लिहीत नाही; लढाई चालू आहे तोवर आज लिहिलेलं उद्या खोटं ठरतं. डब्यात शिपाई, त्यांच्या पेट्या, पेट्यांवर आपण. ज्यांना जायचं आहे त्यांनी भाकरी-चटणी घरूनच बांधून न्यावी, स्टेशनावर चहाखेरीज काही मिळेल ही आशा धरू नये. तुमसर मागं पडलं की वैनगंगेचा पूल येतो. पौषातली नदी, पाणी मधल्या धारेपुरतं, वाळू मात्र दूरवर पसरलेली. मोठ्या लायनीची गाडी पुलावर चढली की मला नेहमी भुजंगप्रयात ऐकू येतो, एक लघु, दोन गुरू, एक लघु, दोन गुरू. शेजारच्या शिपायानं विचारलं, “बाबा, बोट से क्या गिन रहे हो?” मी म्हटलं, “काही नाही, चाकं.”

गोंदियाला उतरलं की कान बदलावे लागतात. भात गिरण्या, विडीची दुकानं, हमाल, सगळं हिंदीत. बाजारात एका जुन्या किराणा दुकानात शिरलो. आत हिंग, मिरची आणि गुळाच्या ढेपी, एकदम सगळ्यांचा वास. गादीवर जाडसे सेठ.

“दालचिनी? मास्तरजी, चीनवाला माल तो कब का बंद. सिलोनवाला बंबई में ही बिक जाता है. इधर तक पहुंचेगा कौन?”

मी विचारलं, “पूर्वी कोण नेत असे?” या प्रश्नानं सेठ एकदम मोकळे झाले. गिऱ्हाइकापेक्षा ऐकणारा माणूस त्यांना हवा होता असं दिसलं.

“कौन नहीं लेता था! भजनवाले आते, गला बैठ गया. दाँत दुखता, तो पीसके दाँत में दबाते. सर्दी में सर दुखा तो पानी में घिसके माथे पर लेप.”

“ते मला ठाऊक आहे,” मी म्हणालो. आमच्या आईनं एकदा असा लेप माझ्या कपाळावर जाड लावला होता, तर डोकं राहिलं बाजूला आणि कपाळाची आग विझवायला विहिरीवर धावलो होतो.

“अरे, पतला लगाते हैं! और जुलाब लगा तो कत्थे के साथ. और सबसे जादा जचकीवाले. घर में बच्चा हुआ के पहले दालचिनी, सौंठ, गुड़. वो लोग आज भी रोज आके पूछते हैं, और मैं हाथ जोड़ता हूं.”

मुक्कामाला फुलचूरला गेलो. गोंदियापासून पायी जाण्याजोगं गाव. तिथं माझा जुना विद्यार्थी सखाराम राहतो, एका भात गिरणीत हिशेबनीस आहे. त्याच्या बायकोनं पोपटाच्या शेंगांची उसळ केली होती. नागपूरकडचे पाहुणे ‘पोपट’ ऐकून दचकतात. ते वालच, थंडीतले, कोवळे. जेवताना सखाराम म्हणाला, “गुरुजी, दरेकशाले पाहा ना. आमचे गाडीवान म्हनतात, तिकडच्या जंगलात फागू म्हनून एक गोंड वैदू हाय, त्याच्याजवळ दालचिनीसारखी साल असते. झाडच हाय म्हनतात.”

झाड! रात्रभर मला त्या एका शब्दानं झोप आली नाही. सरळ मार्ग असा होता की सकाळी छोट्या लायनीची गाडी धरून नवेगावला जावं आणि बहिणीजवळ बसावं. दरेकसा उलट्या दिशेला. पण मी मनाशी म्हटलं, रिकाम्या हातानं जाऊन काय करणार? एका दिवसानं काय होतंय? आज लिहिताना कबूल करतो, ते कारण अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं सिंहलद्वीपच्या वाऱ्याचं होतं.

दरेकसा म्हणजे सालेकशाच्या पुढचं लहानसं स्टेशन. दोन्हीकडं डोंगर, पुढं बोगदा. गाडी निघून गेली की इतकं शांत होतं की आपल्याच वहाणांचा आवाज दचकवतो. प्रवाशांसाठी सांगतो: इथं खाणावळ नाही, धर्मशाळा नाही, दुपारची परतीची गाडी चुकली तर स्टेशनमास्तरच्या कृपेवर राहावं लागतं. पण पौषातलं ऊन, साजाची, म्हणजे ऐनाची, उंच झाडं, दूर कुणीतरी लाकूड तोडत असल्याचा ठोका आणि तो थांबला की मागून येणारा त्याचा प्रतिध्वनी, यांच्यासाठी एक जेवण चुकलं तरी चालेल.

फागू खळ्यावर भेटला. माझ्याच वयाचा, अंगावर घोंगडी, धानाच्या पेंढ्यांवर बैल फिरवत होता. काम थांबवलं नाही. मी बैलांच्या मागंमागं गोल फिरत माझी कथा सांगितली.

“दालचिनी?” तो म्हणाला. “इथं नाही होत गा. हे कोनं सांगतलं?”

“तुमच्याजवळ साल आहे म्हणतात.”

“साल त लय हायेत.” त्यानं बैल सोडले, मला नाल्याकाठी नेलं आणि एका उंच पांढुरक्या झाडाजवळ उभं केलं. “हा कहू. छाती धडधडते त्याले याची साल देतो. जिभेले नाही.”

ते अर्जुनाचं झाड होतं, पुस्तकातून मी ओळखत होतो. खोडावर, सूर्य उगवतो त्या बाजूला, वीतभर जागी साल काढलेली आणि त्यावर चिखल लिंपलेला. मी विचारलं, हे काय? “झाडाची जखम हाय, उघडी कशी ठेवाची?” तो म्हणाला. “एक वीत घेतली का पुढल्या साली दुसरं झाड.”

“आणि गोड साल असलेलं एखादं झाड? इकडच्या जंगलात?”

फागू हसला. त्याला पुढचे दोन दात नव्हते. “गोड साल असती त माकडानं ठेवली असती का, मास्तर?”

मी त्या कहूखाली बसलो. पन्नास वर्षांचं झाड असं एका वाक्यात तुटलं. फागूनं तंबाखू मळली आणि मला प्रश्न विचारायला लागला, जणू मीच आजारी होतो. ताप किती दिवस होता? पानी पिते का? झोपते का? मग म्हणाला, “जेवते कोनासंग?”

“म्हणजे?”

“संगत कोन बसते जेवाले?”

मी अंबूचं घर डोळ्यांसमोर आणलं. दोन्ही लेकी सासरी. लक्ष्मणराव शेतावर, ते आले की त्यांना वाढून मग ही एकटी चुलीजवळ. बरोबर कोणी बसत असेल असं वाटत नव्हतं. खरं म्हणजे मला माहीतच नव्हतं.

फागूनं माझ्याकडून काही घेतलं नाही, दिलंही नाही. निघताना एवढंच म्हणाला, “दवा भेटली त तू आधी चाखजो. तिच्या डोऱ्यासमोर. देनाऱ्यानं नाही चाखली त घेनाऱ्यानं कायले घ्याव?”

तिसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाला गाडी बदलायला वेळ होता म्हणून पुन्हा सेठच्या दुकानात डोकावलो, तर सेठनं लांबूनच हात हलवला. “मास्तरजी, नसीब देखो! कल शाम को एक फेरीवाला डिब्बा दे गया.” डब्याचं झाकण उघडलं आणि तो वास आला. मी डोळे मिटले. पंतोजी, साहेब, रांगेतली मुलं, गालातला तुकडा, सगळं समोर. सेठनं मूठभर नळ्या कागदात बांधून दिल्या. मी त्या तपासल्याही नाहीत. पुडी कपाळाला लावली आणि स्टेशनाकडं पळालो.

छोट्या लायनीची गाडी ही ज्यांना घाई नाही त्यांची गाडी. हिरडामाली, गोरेगाव, सौंदड करत ती जाते आणि मोठ्या गाडीचा भुजंगप्रयात सोडून दिंडी धरते, दोन पावलं पुढं, जरा थांब. मधे चढण लागली तेव्हा दोन गडी खाली उतरून बाजूनं चालत होते आणि डब्यातल्या लोकांशी सोयरिकीच्या गप्पा मारत होते. मला मात्र त्या दिवशी दिंडी सोसवेना. खिशातली पुडी सारखी चाचपत होतो. देवळगावला उतरलो, लक्ष्मणराव कार्ड टाकल्यापासून रोज गाडीच्या वेळेला रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, पाठवत होते. गाडीवानाला विचारलं, “बाई कशा आहेत?” तो बैलांकडं बघत म्हणाला, “आहेत.”

नवेगावचा बांध ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी थंडीतच पाहावा. सात टेकड्यांच्या कुशीत एवढं पाणी की पलीकडचा काठ धूसर दिसतो. पाण्यावर दूरदेशची बदकं काळ्या ठिपक्यांसारखी पसरलेली, ढिवरांचे, म्हणजे कोळ्यांचे, डोंगे त्यांच्यामधून जातात तेव्हा ठिपके उठतात आणि पुन्हा बसतात. मी इथं आलो की पहिला तास काठावर घालवतो. या खेपेला रेंगी थांबवली नाही.

अंबू माजघरात खाटेवर होती. मी तिला शेवटचं दिवाळीत पाहिलं होतं. गाल आत गेलेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

“काऊन आलास, दादा? एवढ्या दूर?” आवाज होता, पण तिचा नव्हता.

मी पुडी दाखवली. लक्ष्मणरावांनी स्वतः खलबत्ता आणला. मी चूर्ण केलं, मधात कालवलं आणि फागूचं आठवून तिच्यासमोर बोटभर आधी माझ्या जिभेवर ठेवलं.

मध गोड लागला. त्यापुढं काही नाही. मी पुन्हा घेतलं, नुसतं चूर्ण. लाकडाचा भुसा. तिखट नाही, गोड नाही, वास नाही.

“कसं लागते, दादा?” अंबूनं विचारलं.

“मला... काहीच लागत नाही.”

अंबू हसली. लक्ष्मणराव नंतर म्हणाले, आजारपणात पहिल्यांदाच. “घ्या! याची बी मेली! आता दोघंही पेज पिऊ,” अंबू म्हणाली.

शेजारच्या घरी सून बाळंत झाली होती, तिथं गावातली जुनी सुईण सीतामाय होती. लक्ष्मणराव तिला बोलावून घेऊन आले. तिनं एक नळी उचलली, नख रुतवलं, नाकाशी धरली, दाढेखाली मोडली आणि थुंकली.

“मास्तर, हे उकळलेली हाय. कोनं तरी अर्क काढून घेतला, मंग वाळवून इकली. नख मारल्यावर तेल सुटाले पायजे, वास नाकात चढाले पायजे. ह्या सालीत जीवच नाही.”

डब्याला वास होता, सालीला नव्हता. सेठ फसला का त्यानं फसवलं, मला अजून ठरवता येत नाही. फेरीवाल्याकडून घेताना त्यानंही डबाच हुंगला असेल, माझ्यासारखा. वाचकांनी एवढं करावं, दालचिनी घेताना नख मारून पाहावं आणि दुकानाबाहेर उजेडात येऊन हुंगावी.

मी खाटेशी बसलो आणि अंबूला दरेकशाचं सगळं सांगून टाकलं. मी कालच येऊ शकलो असतो हेही.

“झाड दिसलं का मंग?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मंग कायले गेलतास?”

“पाहायला.”

तिनं डोळे मिटले. “लहानपनापासून असाच. एकदा गाय चाराले धाडलं तं इंद्रधनुष्याच्या मागं गेला, गाय घरी मी आनली.” मला आठवत नव्हतं, पण तिला आठवत होतं, आणि ते सांगताना आवाज जरा तिचा वाटला.

सीतामाय दाराशी उभीच होती. कमरेची चंची सोडून तिनं करंगळीएवढी एक खरी नळी काढली. लांबूनसुद्धा वास आला. “हे बाळंतिणीसाठी ठेवली व्हती. लढाईच्या आधीची हाय. अर्धी देतो, अंबूबाई.” इकडच्या बायाही ‘देतो’, ‘येतो’च म्हणतात.

“नको वं,” अंबू म्हणाली. “तिच्या पोटातला वारा जाऊ दे आधी. लेकरू दुधावर हाय. मी म्हातारी, आज ना उद्या...”

“गप बस,” लक्ष्मणराव म्हणाले. एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाले तो मी कधी ऐकला नव्हता. मग बाहेर निघून गेले.

मीही समजावलं, सीतामायनं समजावलं. अंबू भिंतीकडं तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी तिनं पेजेची वाटीही परत केली. वैद्य येऊन नाडी बघून गेले आणि छपरीत आमच्याशी हलक्या आवाजात बोलले. असे आणखी चार-पाच दिवस गेले तर मग औषधाला जागा राहणार नाही, असं म्हणाले.

मी सीतामायकडं जाऊन बसू लागलो. एक तर मला अंबूसमोर बसवेना, दुसरं म्हणजे तिचं काम बघायची उत्सुकता होती. ती बाळंतिणीसाठी रोज काढा करायची. दालचिनी किती घालते ते मी विचारलं. नखाएवढी. “पोटुशी असताना द्याची नाही, एक कांडीबी नाही. गर्मी होते, पोट पडाची भीती राहते. मोकळी झाली का मंग द्याची. वारा काढते, भूक लावते, अंग सावरते. पन रोज नखाएवढीच. औषध हाय, भाजी नाही.”

पाचव्या दिवशी या गावात बाळाची पाचवी असते. त्या दिवशी काढा मोठ्या गंजात होतो आणि ओळखीच्या सगळ्या बाया येऊन वाटी-वाटी पितात. बाळंतिणीनं प्यायलेलं सगळ्यांनी प्यायचं. ती वाटी नाकारली तर लेकराला दृष्ट लागते अशी समजूत आहे. सकाळी शेजारची म्हातारी सासू दारात येऊन उभी राहिली आणि अंबूला म्हणाली, “चाल.”

“मी कायची येतो? उठवत नाही.”

“मंग गंज इथं आनतो. पन माह्या नातवाची वाटी तू सोडशील, हे होनार नाही.”

अंबूनं लक्ष्मणरावांकडं पाहिलं. ते वर आढ्याकडं बघत होते. “लुगडं दे,” ती त्या म्हातारीला म्हणाली.

दोघी बायांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. वीस पावलांचं अंगण, पण मला ते वैनगंगेच्या पुलाएवढं वाटलं. पुरुषांना आत जाता येत नाही. लक्ष्मणराव आणि मी कुपाटीच्या कुंपणाअलीकडं आमच्या छपरीत बसलो. ते सुपारी कातरत होते, कातरलेली पुन्हा कातरत होते. पलीकडून धूर, सुंठीचा झणका, आणि त्याच्या पोटातून तो दुसरा वास, गोड, जुना. बायकांचा कलकलाट चालू होता. कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या जावयाचं, कुणीतरी बाळाच्या नाकावरून सासऱ्याची थट्टा करत होती.

मग सीतामायचा आवाज आला. “घे अंबूबाई. लेकराच्या नावानं हाय, टाकाचं नाही.”

कलकलाट थांबला. पलीकडं सगळ्या बघत असाव्यात. अडकित्ता लक्ष्मणरावांच्या हातात उघडाच राहिला.

वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“गूळ कमी पडला वं, सीता,” अंबू म्हणाली.

मग सीतामाय ओरडली, “घ्या! जीभ मेलेली बाई गूळ सांगून राहिली!” आणि बायका अशा हसल्या की बाळ रडायला लागलं.

“काय म्हनून राहिली?” लक्ष्मणरावांनी मला विचारलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांना दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं.

“गूळ कमी आहे म्हणते.”

ते उठले, चुलीजवळ गेले आणि स्वतः फुंकणी घेऊन विस्तव फुलवायला बसले. या माणसाला मी चुलीजवळ कधी पाहिलं नव्हतं. ढिवराकडून आलेले झिंगे होते, भेदरं म्हणजे आपले टोमॅटो होते. काय शिजलं ते सांगण्यासारखं नाही, भात तर खाली लागलाच. अंबू परत आली तेव्हा आम्ही तिघं एका ओळीत बसलो. तिनं तीन घास खाल्ले, चौथा हातात धरून म्हणाली, “मीठ कोनं घातलं हे?” आणि लक्ष्मणरावांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

मी आणखी सहा दिवस राहिलो. चौथ्या दिवशी ती भाताच्या दोन मुठी खाऊ लागली आणि पाचव्या दिवशी मला म्हणाली, “दादा, आता तू जा. रोज माह्या ताटाकडं पाहतोस, घास उतरत नाही.”

आता भंडाऱ्याला परत येऊन पंधरा दिवस झाले. आमच्या वैद्यांना सगळं सांगितलं, ते म्हणाले, “बघा, त्वक् एवढीशीच लागते.” मी म्हटलं, “वैद्यबुवा, नखाएवढी साल आणि वीस बायका. तिच्या वाट्याला कितीशी आली असेल?” ते म्हणाले, म्हणूनच. मला हे उत्तर पुरत नाही, पण दुसरं माझ्याजवळही नाही. ताप उतरल्यावर जीभ आपली आपण यायचीच होती, असंही असेल. नवऱ्यानं केलेला खारट भात कारण असेल. फागू असता तर त्यानं काय सांगितलं असतं, याचा मी रोज विचार करतो. दालचिनीचं झाड मी पाहिलेलं नाही आणि आता पाहीन असंही वाटत नाही. पण तिचा वास घराघरांतून कसा फिरतो, बाळंतिणीपासून भजन्यापर्यंत, ते थोडंसं पाहून आलो.

ज्यांना नवेगावला जायचं असेल त्यांनी जावं, पाणी अजून भरपूर आहे आणि बदकं शिमग्यापर्यंत राहतात. ज्यांना जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी सीतामायचा काढा तिनं सांगितला तसा लिहितो. चार वाट्या पाणी, सुंठीचा बोटभर तुकडा ठेचून, पाच मिरी, एक पिंपळी, चिमूटभर हळद, खोबऱ्याचा कीस, आणि दालचिनी नखाएवढी, जास्त नाही. पोटुशीला द्यायचा नाही, पित्ताच्या माणसानं अर्धी वाटीच घ्यायची. पाणी निम्मं होईतो उकळायचं, वरून चमचाभर तूप. प्यायला एकट्यानं बसू नये, कुणाला तरी बोलावून घ्यावं. सीतामाय गूळ सुपारीएवढा सांगते. तुम्ही त्याहून थोडा जास्त घाला. अंबूचं म्हणणं तसं आहे.